सातारा–वाई–पाचगणी–महाबळेश्वर–मेढा–सातारा: एका दिवसाची घाटातली ग्रुप राइड

कृष्णाकाठ

पाऊस ओसरला की या फेरीबद्दल विचारणा सुरू होते आणि उत्तरं दहा ठिकाणी विखुरतात. म्हणून सगळं फोरमच्या एका धाग्यात आणू या; प्रत्येकाचा मजकूर त्याच्या टोपणनावाखाली येईल. मार्ग आणि वेळापत्रक मी मांडतो. सायकलची तयारी, उतार आणि खाणंपिणं यावर जाणकारांनी भर घालावी.

फेरी साधारण १२० किलोमीटरची आहे. एकूण चढाई हजार-बाराशे मीटर धरा. साताऱ्याहून निघून महामार्गाने लिंब फाटा, आनेवाडी टोलनाका, पाचवड, तिथून डावीकडे वळून वाई. मग पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर. परत येताना माचुतरवरून केळघर घाट उतरून मेढा, आणि वेण्णेच्या खोऱ्यातून कण्हेरच्या बाजूने सातारा.

बरेच ग्रुप वाईहून सुरुवात करतात. माझं मत साताऱ्याच्या बाजूने आहे, कारणं सांगतो. एक म्हणजे वाईपर्यंतचे तीस-तेहतीस किलोमीटर जवळजवळ सपाट आहेत, पाय मोकळे होतात. वाईहून निघालात तर थंड पायांनी थेट घाटाला लागता. दुसरं, महामार्गाचा तुकडा पहाटेच्या तुरळक वाहतुकीत उरकतो. वाईहून निघालेल्यांना तोच तुकडा दुपारी, थकलेल्या अंगाने आणि भर उन्हात करावा लागतो. तिसरं, साताऱ्याहून जाताना वाईचा फाटा डाव्या हाताला येतो, महामार्ग ओलांडावाच लागत नाही. ग्रुपसाठी हे फार महत्त्वाचं, कारण आठ सायकली एकाच वेळी रस्ता ओलांडत नाहीत. दोन जातात आणि सहा अडकतात.

वेळ अशी: पहाटे ५.३० ला निघा. सव्वासातपर्यंत वाई. पाऊण तास नाश्ता. आठला पसरणी घाट सुरू. साडेनऊच्या सुमारास पाचगणीच्या तोंडाशी असलेला दांडेघर नाका. अकरा-सव्वाअकराला महाबळेश्वर. जेवून साडेबाराला निघालात तर दोनच्या आसपास मेढा आणि साडेतीन-चारला सातारा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सहा वाजताच अंधारायला लागतं, म्हणजे हाताशी दोन तास राहतात. पंक्चर, कोणाची तब्येत, रस्त्याचं काम, हे सगळं त्या दोन तासांतून जाणार. ते आधीच फोटोंवर खर्चू नका.

पहाटेचा पहिला तास पूर्ण अंधाराचा असतो. मागे लाल दिवा आणि पुढे रस्ता दिसेल असा पांढरा दिवा, दोन्ही प्रत्येकाकडे हवेतच. पुढचा लुकलुकता दिवा फक्त इतरांना दिसण्यापुरता असतो, त्याने महामार्गाच्या कडेचा खड्डा दिसत नाही. अंगात चमकती पट्टी असलेलं जाकीट घाला.

चढण

मार्गाबद्दल सहमत. आता पसरणी घाटाकडे बघू.

वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या थोडी वर आणि पाचगणी तेराशेच्या जवळपास. म्हणजे बारा किलोमीटरमध्ये पाचशे ऐंशीच्या आसपास मीटर. सरासरी चढ पाच टक्क्यांपेक्षा किंचित कमी पडतो. आकडा सौम्य वाटतो आणि तिथेच लोक फसतात. सरासरी पाच म्हणजे मधले काही तुकडे सात-आठ टक्क्यांचे असणारच.

गिअरचं गणित समजून घ्या. चाकाचा घेर २.१ मीटर धरू. पुढची चकती ३४ दातांची आणि मागची सर्वांत मोठी २८ ची असेल, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.५५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी ९.२ किलोमीटर. सायकल, माणूस, पाणी मिळून ८५ किलो वजन धरलं, तर पाच टक्के चढावर या वेगाला सव्वाशे वॉटच्या आसपास ताकद लागते. बऱ्यापैकी सराव असलेल्याला हे तासभर जमतं. पण आठ टक्क्यांवर त्याच गिअरमध्ये, तेवढ्याच फेऱ्यांना १९० वॉट लागतात. ते जमत नाही म्हणून फेरे ४५ वर येतात, गुडघ्यावर भार येतो आणि पाठ दुखायला लागते.

आता मागे ३४ दातांची चकती असती, तर ६० फेऱ्यांना वेग ७.६ होतो आणि आठ टक्क्यांवर १५५ वॉटमध्ये भागतं. माणूस तोच, सायकल तीच. दीड किलो हलकी सायकल घेण्यापेक्षा मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच, बदलणं कितीतरी स्वस्त आणि कितीतरी उपयोगी.

चढताना पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू जा. पूर्ण वाक्य बोलता येईल इतपतच श्वास लागू द्या. वाईतून बाहेर पडताना सगळ्यांच्या पायांत जोर असतो. तिथे दाखवलेला जोर पाचगणीनंतर कापला जातो, कारण पाचगणी ते महाबळेश्वर हे एकोणीस-वीस किलोमीटर सपाट नाहीत. लहान लहान चढउतार सारखे चालू राहतात, आणि घाट संपला असं मनाने ठरवलेलं असतं म्हणून ते जास्त लागतात.

नवखी

खूप उपयोगी माहिती. माझ्याकडे हायब्रिड सायकल आहे. पुढे ४८-३८-२८ अशा तीन चकत्या, मागे सात गिअर, १४ ते २८. मलाही कॅसेट बदलावी लागेल का? आणि पुढचा गिअर लहान चकतीवर टाकताना चेन बऱ्याचदा आत पडते, ते का होतं?

पानापक्कड

@नवखी, तुम्हाला काहीही बदलायची गरज नाही. पुढे २८ आणि मागे २८ म्हणजे एकास एक. वर चढण यांनी ३४-३४ चं जे सांगितलं तोच गिअर तुमच्याकडे आधीपासून आहे. फक्त तो वेळेवर पडला पाहिजे.

चेन आत पडण्याची कारणं दोनच. एक, चढ सुरू झाल्यावर, पॅडलवर पूर्ण जोर असताना तुम्ही पुढचा गिअर बदलता. ताणलेली चेन उडी मारून उतरते आणि लहान चकतीवर न बसता तिच्याही आत जाते. उपाय सोपा आहे: चढ लागण्याच्या दहा-पंधरा मीटर आधी, पाय हलके ठेवून फिरवत असताना लहान चकतीवर या. त्या क्षणी मागे मधला गिअर असू द्या. मागे सर्वांत मोठी चकती आधीच लावून ठेवली असेल, तर पाय एकदम मोकळे फिरतात आणि तोल जातो.

दुसरं कारण, पुढच्या डिरेल्युअरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) आतल्या बाजूचा मर्यादा स्क्रू सैल आहे. त्यावर ‘एल’ लिहिलेलं असतं. चेन पुढच्या लहान आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर ठेवा. डिरेल्युअरच्या पिंजऱ्याची, म्हणजे चेन ज्यातून जाते त्या चौकटीची, आतली पाती आणि चेन यांत अर्धा ते एक मिलिमीटर फट राहील इतपत स्क्रू आवळा. जास्त आवळला तर चेन लहान चकतीवर जाणारच नाही, म्हणून पाव-पाव फेरा करत तपासा.

आता ज्यांना खरंच मोठी कॅसेट लावायची आहे त्यांच्यासाठी. मागचा डिरेल्युअर किती दातांपर्यंत पेलतो हे आधी बघा. लहान पिंजऱ्याचे डिरेल्युअर बहुधा २८-३० वर थांबतात, लांब पिंजऱ्याचे ३२-३४ पर्यंत जातात. कॅसेट बदलली की चेनची लांबी पुन्हा मोजायची. चेन डिरेल्युअरमधून न घालता पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून फिरवा, जुळेल तिथे दोन कड्या जास्त धरा. जुनी आखूड चेन तशीच ठेवली आणि राइडमध्ये चुकून मोठी-मोठी जोडी पडली, तर डिरेल्युअर ओढून तुटतो आणि तो ज्यावर बसवलेला असतो तो फ्रेमचा तुकडा, म्हणजे हँगर, तोही सोबत जातो. मग ‘बी’ स्क्रू: मोठ्या चकतीवर असताना डिरेल्युअरची वरची कप्पी आणि चकतीचे दात यांत पाच-सहा मिलिमीटर अंतर हवं.

आणि मागचा ‘एल’ स्क्रू निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने तपासायचाच. सायकल उचलून धरा, पॅडल फिरवा, मोठ्या चकतीवर चेन आणा आणि डिरेल्युअरला बोटाने आत, आऱ्यांकडे ढकला. चेन चकतीच्या पलीकडे सरकता कामा नये. सरकली, तर घाटात पूर्ण जोर लावताना ती आऱ्यांत जाणार, आरे तुटणार, डिरेल्युअर गुंडाळला जाणार. सायकल गाडीत घालून नेली असेल किंवा आदल्या आठवड्यात उजव्या कुशीवर पडली असेल, तर हँगर किंचित वाकलेला असतो. दुकानात स्टँडवर सगळं ठीक वाटतं, पण नेमका सर्वांत हलका गिअर बिघडतो.

धोमकाठ

पानापक्कड, ब्रेकचंही लिहा. डिस्क ब्रेकवाल्यांना वाटतं त्यांना काही बघायला नको.

पानापक्कड

लिहितो. केबलवर चालणाऱ्या डिस्क ब्रेकमध्ये बहुतेक मॉडेलांत एकच पॅड हलतं, दुसरं जागेवर स्थिर असतं. पॅड झिजले की लोक लिव्हरजवळचा बॅरल, म्हणजे केबल ताणायचा पेच, फिरवून केबल ताणतात. ब्रेक लागल्यासारखा वाटतो, पण कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) हात अर्ध्या वाटेवर आधीच आलेला असतो आणि घाटात जेव्हा पूर्ण दाब लागतो तेव्हा त्याला पुढे जायला जागा उरत नाही. लिव्हर हँडलला टेकतो आणि सायकल थांबत नाही. बरोबर पद्धत अशी: बॅरल पूर्ण आत घ्या, कॅलिपरच्या आतल्या बाजूचा पेच फिरवून स्थिर पॅड डिस्कच्या अगदी जवळ आणा, इतकं की नुसतं घासत नाही. मग हलणाऱ्या बाजूची केबल जुळवा.

पॅडचं मटेरियल अर्ध्या मिलिमीटरवर आलं असेल तर बदला. डिस्क बहुधा १.८ मिलिमीटरची येते आणि १.५ झाली की टाकायची. नवीन पॅड लावून थेट या फेरीला येऊ नका. सपाट रस्त्यावर ताशी वीसच्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत, पूर्ण न थांबता, वीस-पंचवीस वेळा ब्रेक दाबून पॅड बसवून घ्यावे लागतात. चेनला तेलाचा स्प्रे मारताना डिस्कवर उडाला तर पॅड तेल पितात, मग कितीही पुसा, ते किंचाळतात आणि धरत नाहीत. चेनला थेंबाथेंबानेच तेल द्या आणि वरचं फडक्याने पुसा.

रिम ब्रेकवाल्यांनी शूमध्ये, म्हणजे ब्रेकच्या रबरात, रुतलेले खडे आणि ॲल्युमिनियमचे कण टोचणीने काढा, रिम स्पिरिटने पुसा. शू टायरला घासत नाही ना ते बघा. केळघरच्या उतारावर टायरची बाजू घासून फाटायला फार वेळ लागत नाही.

वेण्णा

उताराबद्दल मला लिहायचं होतं. ग्रुप राइडमध्ये खरा धोका चढावर नसतो, उतारावर असतो, आणि नियोजनात उताराला सर्वांत कमी जागा मिळते.

८५ किलो वजन सहाशे मीटर खाली येतं तेव्हा जवळपास ५०० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. दीड लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेईल इतकी. वेगात उतरणाऱ्याची बरीचशी हवेत जाते. भीतीने सतत ब्रेक दाबून ताशी पंधराने उतरणाऱ्याची जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये जाते. म्हणजे सर्वांत सावध माणसाचेच ब्रेक सर्वांत जास्त तापतात. रिम ब्रेक असेल तर रिम तापते, आतली हवा फुगते: ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेली हवा पन्नास अंश तापली तर ९५ च्या पुढे जाते. तेवढ्याने टायर फुटत नाही. पण रिमटेप (रिममधली आऱ्यांची भोकं झाकणारी पट्टी) जुनी, सरकलेली असेल, तर मऊ पडलेली ट्यूब आऱ्याच्या भोकात दबते आणि तिथे फाटते. पुढचं चाक असं बसलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

म्हणून सरळ तुकड्यावर वेग थोडा वाढू द्या आणि वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवा. वळणात शिरल्यावर ब्रेक सोडलेले हवेत. बाहेरचा पाय खाली, त्यावर वजन, नजर वळणाच्या शेवटी. हात हँडलच्या खालच्या भागात असतील तर लिव्हरवर दोन बोटं पुरतात. वरून धरलं तर पंजा लवकर दमतो.

उतारावर सायकली एकमेकांच्या मागे चिकटून नकोत. ताशी ३५ च्या वेगात सेकंदाला जवळपास दहा मीटर जातात. निदान पाच सेकंदांचं अंतर हवं, म्हणजे पन्नास मीटर. उतारावर ओव्हरटेक शक्यतो नाहीच. करायचाच तर सरळ रस्त्यावर, आधी मोठ्याने “उजवीकडून!” असं सांगून.

एसटी आणि प्रवासी बस तीव्र वळणावर पूर्ण रस्ता घेते, तिला पर्याय नसतो. चढणारी बस वळणात दिसली की वळणाच्या आधीच डावीकडे थांबा. आत शिरून कडेने निघू म्हणालात तर बसचं मागचं चाक आतून येतं. वळणांवर बसच्या टाकीतून सांडलेलं डिझेलही असतं. वास आला किंवा डांबरावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर ब्रेक न दाबता, सायकल न झुकवता सरळ पार करा.

मेढेवाट

केळघर घाटाबद्दल थोडं. पसरणीपेक्षा इथे वाहतूक खूपच कमी. उतरायला तो निवडण्याचं हेच मुख्य कारण, कारण रविवारी दुपारनंतर परतणारे बहुतेक पर्यटक पाचगणीवरून पसरणीतच उतरतात. मात्र हा घाट दरडींचा आहे. काळा कडा भागात पावसाळ्यानंतरही बरेच दिवस बारीक दगड आणि माती रस्त्यावर येत राहते. खडी वळणाच्या बाहेरच्या कडेला साचते, म्हणजे वेग जास्त झाला की सायकल जिथे फेकली जाते नेमकी तिथे. पाऊस नुकताच संपला असेल तर आधी स्थानिकांकडे चौकशी करा, रस्ता एकेरी चालू असू शकतो.

झाडीतल्या सावलीच्या वळणांवर ऑक्टोबरअखेरपर्यंत शेवाळ असतं. कडेने झिरपणारं पाणी दिसलं की तिथे सायकल सरळ ठेवा. घाटात मोबाइलची रेंज ठिकठिकाणी जाते, म्हणून “फोन करतो” यावर विसंबून राहू नका. कुठे थांबायचं ते वरच ठरवून उतरा.

मागचा_गडी

मुख्य मुद्द्यावर येऊ. ग्रुपमधला सर्वांत हळू गडी आणि सर्वांत वेगवान गडी यांच्यात पसरणी घाटात किती अंतर पडतं? ताशी १२ ने चढणारा एका तासात वर. ताशी ७ ने चढणारा एक तास त्रेचाळीस मिनिटांत. वरचा त्रेचाळीस मिनिटं वाऱ्यात, घामाने भिजलेल्या कपड्यांत उभा. खालचा “सगळे माझी वाट बघताहेत” या दडपणाखाली, थांबायचं तिथे न थांबता, पाणी न पिता. पुढे महाबळेश्वरपर्यंत दोघेही त्याची किंमत मोजतात. आणि दुखावलेपण येतं ते वेगळंच. ग्रुप तुटतात ते यावरून.

म्हणून नियम: चढ प्रत्येकाने आपापल्या वेगाने चढायचा, जोडी धरायची नाही, ओढत न्यायचं नाही. पण थांबे ठरलेले. पसरणीत बुवासाहेब मंदिराशी एक आणि दांडेघर नाक्याशी दुसरा. वेगवान लोकांनी पहिल्या थांब्यावर पोचून परत खाली यायचं, शेवटच्या माणसापर्यंत, आणि पुन्हा चढायचं. त्यांचा व्यायामही होतो, शरीरही थंड पडत नाही. शेवटचा माणूस थांब्यावर पोचला की सगळे लगेच निघतात, हा प्रकार बंद करा. ज्याला विश्रांती सर्वांत जास्त लागते त्यालाच ती मिळत नाही. तो आल्यावर पुरती पाच-सात मिनिटं घड्याळ लावून थांबा.

सर्वांत मागे राहणारा, म्हणजे स्वीप, हा ग्रुपमधला सर्वांत दमदार आणि हातात हत्यार चालणारा माणूस हवा. थकलेल्याला “तू मागे ये सावकाश” म्हणून स्वीप करणं चूक आहे. पुढच्या माणसाने, म्हणजे लीडने, कुठल्याही फाट्यावर मागचा नजरेत आल्याशिवाय पुढे जायचं नाही. पाचवड फाटा, वाईतून पसरणीचा रस्ता, महाबळेश्वरात बाजारातून माचुतरकडे, ही तीन ठिकाणं चुकण्याची.

दहाच्या वर सायकली असतील तर दोन गट करा, प्रत्येकाला वेगळा लीड आणि वेगळा स्वीप.

धोमकाठ

मागचा_गडी यांच्याशी पूर्ण सहमत, एक भर. सोबत मदतीची गाडी असेल तर तिने हळू सायकलस्वाराच्या मागे ताशी आठने रांगायचं नाही. मागे वाहनांची रांग लागते, चालक चिडतात आणि आंधळ्या वळणावर दोघांनाही एकदम ओव्हरटेक करतात. गाडीने पुढच्या थांब्यावर जाऊन उभं राहायचं. गाडी नसेल तर वाईत आणि मेढ्यात छोटा हत्ती भाड्याने मिळतो. एका चालकाचा नंबर आधीच घेऊन ठेवा. अपघात झाला तर १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलिसांसह सगळी मदत. नंबर सगळ्यांना माहीत असतात, पण आपण नेमके कुठे आहोत ते सांगता येत नाही. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि मागचं गाव, एवढं स्वीपने लक्षात ठेवत जावं.

घाटात माकडं आहेत. केळी हँडलच्या पिशवीत उघडी दिसली की सायकलवर येतात. खाणं बंद पिशवीत, जर्सीच्या मागच्या खिशात.

मीठसाखर

खाण्याचं. या फेरीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि पहिल्या तासापासून. भूक लागल्यावर खाल्लं तर ते पायांत पोचेपर्यंत घाट संपतो. मध्यम केळ्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास असतात. तीन-चार खजूर, गूळपोळीची चतकोर, राजगिऱ्याचा लाडू, हे सगळं चालतं. शेंगदाण्याची चिक्की सपाटीवर खा. तिच्यात स्निग्धांश जास्त, चढावर पोटात बसून राहते.

वाईत नाश्त्याला पोहे, उपमा, इडली. मिसळ नको. तर्री घाटात घशाशी येते. पोटभर खाऊन लगेच चढाला लागू नका, नाश्ता आटपून वीसेक मिनिटं जाऊ द्या.

पाणी थंडीत तासाला अर्धा लिटर, ऊन असेल तर पाऊण. ओआरएसच्या पुडीबद्दल मोठा घोळ असतो. एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच घालायची. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण पुडी टाकली तर द्रावण दाट होतं, तहान वाढते आणि मळमळतं. दुसरं, ओआरएस हे खाणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार लिटरमागे ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम असतं. एका बाटलीत ओआरएस, दुसरीत साधं पाणी, आणि खाणं वेगळं.

कोणी गप्प झालं, चिडचिड करायला लागलं, सरळ रस्त्यावर सायकल डुलायला लागली, तर साखर संपली आहे. थांबवा, गोड द्या, पंधरा मिनिटं बसवा. अशा माणसाला उतारावर सोडू नका.

नवखी

धन्यवाद सगळ्यांना. अजून दोन शंका. टायरमध्ये हवा किती ठेवायची? आणि सोबत सामान काय न्यायचं? प्रत्येकाने सगळं नेलं तर वजन फार होतं.

पानापक्कड

सत्तर किलोच्या माणसाने २८ मिलिमीटर टायरमध्ये ६५ ते ७५, ३२ मध्ये ५० ते ६०, आणि तुमच्या हायब्रिडला ३५ चा टायर असेल तर ४५ ते ५५ पीएसआय. मागे पुढच्यापेक्षा चार-पाच जास्त. टायरवर छापलेला कमाल आकडा म्हणजे भरायचा आकडा नव्हे. फार टणक टायर घाटातल्या खडबडीत डांबरावर उड्या मारतो आणि ब्रेक दाबल्यावर घसरतो.

सामानाची वाटणी करा. प्रत्येकाकडे आपल्या मापाच्या दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि पंप. ट्यूबचा वॉल्व्ह बारीक आहे की जाड, ते बघूनच घ्या. बारीक वॉल्व्हच्या रिमच्या भोकात जाड वॉल्व्ह जात नाही, ग्रुपमध्ये ट्यूब उधार मिळेल या भरवशावर राहू नका. स्वीपकडे: ॲलन कीचा संच, चेन तोडायचं हत्यार, ग्रुपमध्ये जितक्या स्पीडच्या चेन तितक्या प्रकारच्या क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), गिअर आणि ब्रेकची एकेक केबल, पॅच आणि सोल्युशन, केबल टाय, जाड चिकटपट्टी, जुन्या टायरचा बोटभर तुकडा. टायर कापला गेला तर तो तुकडा आतून लावायचा, नाहीतर ट्यूब फटीतून फुगा होऊन बाहेर येते. हँगर प्रत्येक सायकलचा वेगळा, त्यामुळे तो ज्याचा त्याने. लीडकडे प्रथमोपचार: जखम धुवायला सलाइन, पोव्हिडोन आयोडीन, गॉज, क्रेप बँडेज, कात्री.

पंक्चर काढताना घाई होते ती इथे: नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून पूर्ण फिरवून तपासायचा. महामार्गावर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसासारख्या तारा पडलेल्या असतात. बाहेरून दिसत नाहीत. नुसत्या बोटाने चाचपलं तर बोटात घुसतात. हातमोजा किंवा सुती फडकं फिरवा, तार असेल तिथे धागा अडकतो. नेलकटरने किंवा चिमट्याने ओढून काढा. ती राहिली तर दुसरी ट्यूबही दोन किलोमीटरमध्ये बसते, आणि मग तुमच्याकडे ट्यूब उरत नाही.

ट्यूब जुन्या वॉल्व्हच्या दिशेने टायरला लावून भोक कुठे आहे ते जुळवा, म्हणजे टायरमध्ये नेमकं कुठे शोधायचं ते कळतं. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर काटा नाही. खड्ड्यात रिम आपटून ट्यूब चिमटली आहे, म्हणजे हवा कमी होती.

ट्यूबलेसवाल्यांनी सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) हलवून बघा. आपल्या हवेत दोन-तीन महिन्यांत ते वाळतं. वाळलं असेल तर ट्यूबलेसचा काही फायदा नाही.

चढण

सरावाचं राहिलं. पुण्याच्या मंडळींनी आधी बोपदेव चढून सासवडला जाऊन दिवे घाटाने उतरायची फेरी करावी. बोपदेव लहान पण तीव्र, पसरणी लांब पण सौम्य, त्यामुळे बोपदेव सायकलवरून न उतरता चढलात म्हणून पसरणी सोपा जाईल असं नाही. पसरणीची खरी तयारी म्हणजे तासभर एकाच लयीत न थांबता पॅडल मारणं. सिंहगडाचा घाट दोन्हींपेक्षा कठीण, तो या फेरीसाठी आवश्यक नाही.

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे किंवा गिअर जड आहे. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. त्याहून खाली सीट असेल तर वाढवा, पण एका वेळी पाच मिलिमीटरच. फेरीच्या आदल्या रात्री मुळीच नाही.

वेण्णा

महाबळेश्वरला जेवणानंतर एक गोष्ट करा. अंगातला ओला शर्ट बदलता आला तर बदला, वर वाऱ्याचं जाकीट चढवा, बोटं झाकणारे हातमोजे घाला. तासभर बसून थंड झालेली बोटं ब्रेक पुरेसे दाबत नाहीत, आणि माचुतरनंतर लगेच उतार सुरू होतो. निघण्याआधी प्रत्येकाने सायकल जागेवर धरून दोन्ही ब्रेक दाबून पुढेमागे ढकलून बघायची. चाकाची क्विक रिलीज, म्हणजे चाक घट्ट धरणारा खटका, तीही तपासा. बाजारात सायकली उभ्या असताना लोक खटके चाळवतात.

मेढेवाट

आणि वेण्णा तलावाजवळ शनिवार-रविवारी गाड्यांची कोंडी असते. तिथे गाड्यांच्या मधून सायकल घालू नका, दारं अचानक उघडतात. उतरून शंभर-दोनशे मीटर चालत जा. घाट उतरल्यावर केळघर गावात सगळे जमेपर्यंत थांबा, मेढ्यापर्यंत जाऊ नका. कोणी मागे घाटात अडकला असेल तर केळघरहून परत चढून जाणं शक्य आहे, मेढ्याहून नाही.

नवखी

केळघरला थांबायचं ठरवलं. आमचा ग्रुप नऊ जणांचा आहे, दोघांची ही पहिलीच घाटाची राइड. त्या दोघांना कुठे ठेवावं, पुढे की मागे?

मागचा_गडी

चढावर लीडच्या लगेच मागे. पुढून सुरुवात केली की हळूहळू मागे सरकत गेले तरी ग्रुपमध्ये राहतात. मागून सुरू केलं तर पहिल्याच वळणावर एकटे पडतात. उतारावर उलट: त्यांना स्वीपच्या पुढे, शेवटी ठेवा, म्हणजे मागून कोणी येतंय या दडपणाने ते वेग वाढवणार नाहीत. त्या दोघांच्या सायकलींचे ब्रेक आणि सर्वांत हलका गिअर आदल्या दिवशी तुम्ही स्वतः चालवून बघा, आणि दांडेघर नाक्याशी त्यांना एकदा स्पष्ट विचारा, पुढे यायचं की पाचगणीहून परत फिरायचं. तिथून वाई बारा किलोमीटर, निव्वळ उताराचे. महाबळेश्वरनंतर परतीचा सोपा रस्ता नाही. परत फिरणार असतील तर अनुभवी एक जण त्यांच्यासोबत पसरणी उतरेल हे आधीच ठरवून ठेवा, त्या माणसालाही ते आधी माहीत असू द्या.